प्रवासास निघण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो शिक्षणाविषयीच बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल. चिटणीसांनीही आम्हांस 'विद्यार्थ्यांस मार्गदर्शन' हाच विषय सुचविला होता. तथापि आम्ही त्यांस विनंती करून तो पालटून घेतला. थोड्या वेळापूर्वी आपण सर्वांनी उभे राहून दिवंगत सभासदांस आदरांजली वाहिली. त्या यादीतील बहुतेक मंडळी वयोमानाप्रमाणे, आपापला संसार नीट मार्गी लावून गेली. परंतु तीन नावे अशी होती की त्यांचे वय पन्नाशीच्या आतले, त्यांस कसलाही रोग नव्हता, आणि त्यांची मुले अद्यापि शाळेत जात आहेत. हे तिघेही रस्त्यावर गेले. इतिवृत्तात 'अपघाती निधन' असे दोन शब्द लिहिले जातात आणि सभा पुढील विषयाकडे वळते. आज त्या दोन शब्दांपाशी थोडे थांबावे, एवढीच आमची इच्छा आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. सरासरी काढली तर देशात दररोज चारशे साठाहून अधिक आणि आपल्या राज्यात दररोज चाळीसहून अधिक होतात. एखाद्या साथीने गावात रोज चाळीस माणसे जाऊ लागली असती तर आपण पाणी उकळून प्यालो असतो, मुलांस घराबाहेर पडू दिले नसते, डॉक्टरांच्या दारी रांगा लावल्या असत्या. येथे मात्र आपण विधिलिखित म्हणून मोकळे होतो. नवी गाडी घरी आली की तिला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, पुढे लिंबूमिरची बांधतो. यात गैर काही नाही, आम्हीही बांधतो. पण लिंबूमिरची न चुकता बांधणारा गृहस्थ त्याच गाडीतला पट्टा मात्र बांधीत नाही, याचे आम्हांस कोडे पडते.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या घरचे आहे. ज्यांच्याविषयी आहे त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आमच्या भाच्याचे लग्न कराडास होते. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. नवरदेव आणि जवळची मंडळी सीमांतपूजनासाठी आदल्या दिवशीच पुढे गेली होती. पुण्यात मागे राहिलेल्या आम्हां तेरा जणांसाठी एक जीप भाड्याने ठरविली. जीप दहा माणसांची होती. ठरविणारे आम्हीच. सकाळी सातास निघावयाचे होते. परंतु गजरे येईनात, कोणाचा चहा व्हावयाचा, आणि सर्व बसल्यावर अहेराची पिशवी घरीच राहिली असे निघाले. लग्नघरातली ही गडबड आपणांस नवी नाही. निघेपर्यंत सव्वानऊ वाजले. कराड पुण्याहून सुमारे १६० किलोमीटर. वडीलधारे म्हणून आम्ही पुढे चालकाशेजारी बसलो, आणि आमच्या पुतण्याची तीन वर्षांची मुलगी 'आजोबांजवळ बसणार' म्हणून हट्ट करून आमच्या मांडीवर आली. पट्टा लावण्याचे आमच्या मनातही आले नाही.

चालक पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मोठा शालीन मुलगा होता. खंबाटकीच्या अलीकडे त्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, रात्री शिर्डीस्नं माणसं घेऊन आलोय, डोळा लागला न्हाई. चहाला धा मिनिटं थांबू का?" आम्ही मनगटावरील घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "अहो, मुहूर्त काय आपल्यासाठी थांबतो? जरा दाबा आता. चहा कराडलाच घ्या." मागून दोघांतिघांनी आमचीच री ओढली. तो काही बोलला नाही. घाट चढून उतरलो. पुढे सपाटीस रस्ता मोकळा दिसला आणि त्याने आमच्या आज्ञेप्रमाणे गाडी दाबली. उसाचा हंगाम होता. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर शेतवाटेने मोठ्या रस्त्यावर येत होता. तो आम्हांस दिसला. चालकासही दिसला असला पाहिजे, पण एका क्षणाने उशिरा. जीप मागील ट्रॉलीवर जाऊन आदळली.

आमच्या दोन्ही हातांची मिठी त्या मुलीभोवती होती. आम्ही तिला सोडले नाही. ती आमच्या हातांतून गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या का, हे उमगण्यास आम्हांस पुष्कळ काळ लागला.

शेतातल्या बायकांनी धावत येऊन लुगड्याच्या पदराने तिचे डोके बांधले, आणि एका मालमोटारवाल्याने आम्हांस साताऱ्यास पोहोचविले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. मुलगी वाचली, डावा डोळा गेला. आमच्या दोन फासळ्या आणि एक मनगट मोडले, ते जुळून आले. कराडास मुहूर्तावर अक्षता पडल्या. आमच्यावाचून काहीही अडले नाही.

त्यानंतर जे झाले ते सांगणे अधिक कठीण आहे. नातेवाईक भेटावयास येत आणि म्हणत, "चालकास डुलकी लागली असणार, ही भाड्याची पोरे अशीच." आम्ही ऐकून घेत असू. जबाब नोंदविताना 'गाडी वेगात होती' असे आम्ही सांगितले. ती वेगात का होती हे आम्हांस कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. छत्तीस वर्षे मुलांस खरे बोलावयास शिकविले, आणि ज्या दिवशी स्वतःवर पाळी आली त्या दिवशी गप्प बसलो. त्या मुलाचे काम गेले. त्याचाही पाय मोडला होता. दोन वर्षांनी आम्ही पत्ता काढून त्याच्या गावी गेलो आणि त्याच्या वडिलांसमक्ष जे खरे ते सांगितले. त्याने आम्हांस चहा पाजला.

म्हणून आमचे पहिले सांगणे चालकांस नाही. मागे आणि शेजारी बसणाऱ्यांस, त्यातही वडीलधाऱ्यांस आहे. आपल्या समाजात वडिलांचा शब्द मोडावयाचा नाही ही रीत आहे, आणि भाड्याने आलेला चालक तर आपणांस नाही म्हणूच शकत नाही, कारण त्यास संध्याकाळी पैसे आपल्याच हातून घ्यावयाचे असतात. एस. टी.च्या गाडीत 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असे. आम्ही पहिलीच्या मुलांकडून ती वाचून घेत असू. गाडी आपली झाली, भाड्याची झाली, की ती पाटी आपण विसरतो. मोटार वाहतूक कामगारांविषयीच्या १९६१ च्या कायद्याने चालकाचे काम दिवसास ८ तासांचे ठरविले होते. गाडी ठरविताना आपण दर विचारतो, गार हवा आहे की नाही हे विचारतो. 'काल रात्री तुम्ही कोठे होता, झोप झाली का?' असे किती जण विचारतात? हा प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत. चालक थांबू का म्हणाला तर थांबावे. तो म्हणाला नाही तरी दोन-अडीच तासांनी आपणच 'थांबू या' म्हणावे. मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते पाच या वेळात, झोप शरीरास ओढीतच असते. तिच्यापुढे निश्चय, तंबाखू आणि मोठ्याने लावलेली गाणी यांपैकी काही टिकत नाही. यास्तव रात्रीचा लांबचा प्रवास शक्यतो करूच नये. लग्नास आदल्या दिवशी जाऊन राहावे. यजमानांस एका पंगतीचा भार अधिक पडेल, तो त्यांनी आनंदाने सोसावा.

आता त्या मिठीकडे वळतो. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले, पदार्थविज्ञानाचे पंडित नव्हे. पण हे गणित सातवीच्या मुलासही सुटण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळली की ती एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबते. गाडी थांबली तरी आतले माणूस थांबत नाही; ते त्याच वेगाने पुढे जाते, जोवर त्यास काही अडवीत नाही. १० किलो वजनाच्या मुलास तेवढ्या अल्प वेळात अडवावयाचे तर सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. जुन्या हिशेबाने हे पावणेचार मण होतात. पावणेचार मणांचे पोते अकस्मात अंगावर आले तर कोणती माता, कोणता पहिलवान ते हातांवर धरील? माया खरी आहे, परंतु माया म्हणजे दोर नव्हे. जे ५० च्या वेगास खरे, ते १०० च्या वेगास चौपट खरे, कारण वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. आणखी एक हिशेब घरी मुलांकडून करून घ्यावा. ताशी ६० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. गच्चीच्या कठड्यावर आपण मूल उभे करीत नाही.

थांबण्याचेही असेच आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक माणसासही सुमारे एक सेकंद लागतो. ६० च्या वेगाने तेवढ्यात १७ मीटर निघून जातात, मग गाडी थांबण्यास कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी सुमारे २० मीटर लागतात. १०० च्या वेगाने हेच आकडे २८ आणि ५५ होतात. रात्री दिव्याच्या उजेडात पुढचे किती दिसते, पावसात रस्ता किती धरतो, हे ज्याचे त्याने ताडून पाहावे.

पुढे बसणाऱ्यांनी पट्टा लावावयाचा आणि मागच्यांनी आरामात बसावयाचे, अशी एक समजूत आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत आपले लोकनेते गोपीनाथराव मुंडे मोटारीच्या मागील आसनावर बसून निघाले होते, आणि चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसून गेले. त्यांनी पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री, जे स्वतः वैद्यकव्यवसायातले, यांनी पुढे म्हटले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले. पुढील दोघे जबर जखमी होऊन वाचले. गाडी किमती होती, प्रवासी थोर होते. पट्ट्यास मात्र श्रीमंत-गरीब, पुढचा-मागचा, मान-पान काही कळत नाही. हा तीन ठिकाणी धरणारा पट्टा निल्स बोलिन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये व्हॉल्व्हो कंपनीसाठी सिद्ध केला आणि कंपनीने तो इतरांस वापरावयास मोकळा ठेवला. एवढे आयते मिळूनही साठ वर्षांनंतर आपण खटका वाजू नये म्हणून तो पाठीमागून गुंतवून वर बसतो, याला काय म्हणावे! गरोदर भगिनींनी पट्टा टाळू नये. खालची पट्टी पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या सांध्यांवरून घ्यावी, वरची दोन्ही स्तनांच्या मधून.

मुलांसाठी मोठ्यांचा पट्टा पुरत नाही, तो गळ्याशी येतो. त्यांच्यासाठी निराळी खुर्ची मिळते, ती मागील आसनावर पट्ट्याने पक्की बांधावी. तान्ह्या मुलाचे डोके जड आणि मान कोवळी असते, म्हणून त्याची खुर्ची गाडीच्या मागील बाजूस तोंड करून ठेवावयाची. पुढील आसनासमोर एअरबॅग असते. ती मोठ्यांस वाचविण्यासाठी इतक्या जोराने फुगते की समोर मूल असेल तर तीच त्याचा घात करील. उंची सुमारे साडेचार फूट होईपर्यंत मूल पुढे बसवू नये, मांडीवर तर नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालील मुलास पट्ट्याने अथवा अशा खुर्चीत न बांधल्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंडासाठी कशाला?

आपल्या समाजातील निम्म्याहून अधिक घरी चारचाकी नाही, हे आम्ही जाणतो. त्यांचा प्रवास स्कूटरवर. २०२२ मध्ये हेल्मेट न घातल्यामुळे देशात ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मेले, असे तोच अहवाल सांगतो. आमच्या गल्लीत रोज सकाळी दिसणारे दृश्य असे : वडील हेल्मेट घालून पुढे, त्यांच्या पायांशी उभा लहानगा, मागे आई एका बाजूस पाय सोडून, आणि दोघांच्या मध्ये थोरली. हेल्मेट एकट्या वडिलांस, कारण चौकात पोलीस त्यांसच पाहतो. वस्तुतः दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसावयाचे, आणि चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी अंगास बांधावयाचा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. पुढे उभे केलेले मूल ब्रेक दाबताच हँडलवर आपटते. हेल्मेट आय. एस. आय. छापाचे असावे आणि त्याचा बंद हनुवटीखाली लावलेला असावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यास निघून जाते. भगिनींनी पदर आणि ओढणी कमरेशी खोचून बसावे. मागील चाकास जाळी असते ती दुकानदाराकडून काढून घेऊ नये. ती शोभेची नाही, पदर चाकात जाऊ नये म्हणून नियमानेच ती बसविलेली असते.

दहावीत गुण मिळाले म्हणून मुलास मोटारसायकल देणाऱ्या पालकांविषयी थोडे कठोर बोलतो. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुलाने गाडी चालवून अपघात केला तर पालकास अथवा मालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. आम्ही ज्यांस शिकविले त्यांचीच मुले आज गाड्या उडवीत जातात, आणि वडील कौतुकाने सांगतात, 'पोरगं काय हात मारतं!' येथे शिक्षक कोठे चुकला, हा प्रश्न आम्हांस पडतो.

वाटेत अपघात दिसल्यास पुढे जाऊ नये. साताऱ्याच्या वाटेवरील त्या बायकांची आणि त्या मालमोटारवाल्याची नावे आम्हांस आजही ठाऊक नाहीत. त्या काळी मदत करणाऱ्यास पोलिसांच्या खेपांची भीती असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने आणि पुढे कायद्याने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. जखमीस ओढाताण करून उठवू नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे.

शेवटी एक सूचना आहे, ती मंडळापुढे ठेवतो. लग्नकार्यासाठी आपले मंडळ सभासदांस सतरंज्या, पातेली आणि पाण्याची पिंपे वापरावयास देते. मुलांच्या मोटारीतील खुर्चीस काही हजार रुपये पडतात, आणि ती लागते चार-पाच वर्षे. मुंबई-पुण्याहून वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबास तेवढा खर्च करणे जड जाते. तेव्हा पातेल्यांप्रमाणे या खुर्च्याही मंडळाने ठेवाव्यात. मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा : जी खुर्ची एकदा अपघातात सापडली ती वरून धड दिसली तरी पुन्हा कोणासही देऊ नये, मोडीत काढावी.

आमची नात यंदा दहावीच्या परीक्षेस बसेल. हा विचार प्रथम तिनेच बोलून दाखविला. तिच्या आणि आमच्या वतीने दोन खुर्च्यांची रक्कम आम्ही खजिनदारांकडे काल भरली आहे. एक तान्ह्या मुलासाठी, एक चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी. खुर्च्या पुढील आठवड्यात मंडळाच्या कार्यालयात येतील. मार्गशीर्षातील लग्नांस जाणाऱ्या ज्या कुटुंबांस त्या हव्या असतील त्यांनी सायंकाळी पाच ते सात या वेळात येऊन वहीत नाव नोंदवावे. खुर्ची बांधावयाची कशी, ते दाखविण्यास आम्ही स्वतः तेथे बसणार आहोत.